काढून ठेवलेली डिस्क

सणाच्या दिवशी कामावर निघालेल्या माणसाकडे घरचे ज्या नजरेनं बघतात, ती नजर चुकवत ओग्न्यान सकाळीच बाहेर पडला. चोवीस डिसेंबर होता आणि स्लिव्हेनमध्ये वारा सुटला होता. या गावात वारा सुटणं ही काही बातमी नव्हे. तो डोंगरावरून उतरतो, दोन-चार दिवस मुक्काम ठोकतो, कुणाची कौलं, कुणाची पन्हळ घेऊन जातो, आणि लोक त्याला शिव्या घालत आपापली कामं करत राहतात. ओग्न्यानच्या मते आजचा दिवस कामाला झकास होता. ध्वनिसंग्रहालय बंद, माणसं आपापल्या घरी, सर्व्हर बंद करून चालू केला तरी बोंब मारणारं कोणी नाही.

"अंधार पडायच्या आत घरी," एलित्सानं पलंगावरूनच बजावलं होतं. "नाहीतर तुझ्या आईसमोर मी एकटी बसते की काय? त्या मला मोजून मोजून अक्रोड खायला घालतील."

"दुपारीच येतो अगं. हे एवढं काम उरकलं ना, की बाळ येईपर्यंत मी घरातून हलत नाही. तू हाकललंस तरी नाही."

सगळा खटाटोप त्यासाठीच होता. एलित्साला आठवा महिना लागला होता. याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोनदा सगळं हातचं गेलं होतं. दुसऱ्या वेळी वीज गेली म्हणून ओग्न्यान संग्रहालयाच्या तळघरात अडकला होता आणि ती एकटीच टॅक्सी करून हॉस्पिटलात गेली होती. या खेपेला डॉक्टरांनी तिला पलंगावरून उतरायचं तरी विचारूनच, असं सांगितलं होतं. पोरगा होता. त्याचं नाव दोघांनी मिळून ठरवलं होतं, याव्होर, आणि ते कोणाला म्हणजे कोणाला सांगायचं नाही असंही ठरवलं होतं. ओग्न्यानच्या आईलाही नाही. दोनदा पोळलेली माणसं अशीच वागतात.

संग्रहालय एका जुन्या लोकरीच्या गिरणीच्या कचेरीत होतं. तळघरात उतरलं की आधी व्हिनेगरचा वास यायचा. जुन्या टेपा कुजायला लागल्या की त्यांना तो वास सुटतो. पाहुणे नाक मुरडत, ओग्न्यानला तो आता येतही नसे. कोपऱ्यात सर्व्हरचं लोखंडी कपाट, शेजारी टेबल, आणि टेबलाशी स्वेटरवर स्वेटर चढवून बसलेले स्तामेनमामा.

मामा म्हणजे ओग्न्यानच्या आईचे चुलतभाऊ. निवृत्त होऊन जमाना झाला तरी किल्ली त्यांनी परत केली नव्हती आणि कोणी मागितलीही नव्हती. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून ते इथं येऊन टेपा संगणकात भरत बसायचे.

"आलास? सणासुदीला तरी बायकोपाशी बसावं माणसानं," मामा म्हणाले. विजेच्या शेगडीवर डोंगरी चहा उकळत होता.

"तुम्ही काय करताय मग इथं?"

"माझी बायको मला आता उठ म्हणत नाही, बस म्हणत नाही. मी मोकळा. चहा घे."

"घेतो. पण संध्याकाळी आमच्याकडे यायचं आहे. आईनं निक्षून सांगितलंय. नाही आलात तर मला घरात घेणार नाही ती."

"डोन्का बोलावते म्हणजे सरकारी समन्सच. येतो की."

ओग्न्यान कामाला लागला. सर्व्हर सुरू होताना एक लहानशी फाईल वाचतो. कोणती डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची, ते तिच्यात एकेका ओळीत लिहिलेलं असतं. ते नीट लिहिलेलं असलं तर वीज गेली-आली तरी माणसाचं काम पडत नाही. सर्व्हर उठतो, डिस्क शोधतो, जोडतो आणि कामाला लागतो. पण लिहिलेली डिस्क जागेवर नसली तर हा बाबा अडून बसतो. दीडेक मिनिट तिची वाट बघतो आणि मग हातपाय गाळून पडतो, ते थेट कोणी माणूस येऊन त्याची समजूत काढेपर्यंत. 'नसली तर सोडून दे' असं सांगायची सोय आहे, पण ते त्या ओळीत वेगळं लिहावं लागतं.

एकूण डिस्क चार. चौथीवर दोल्ना लूका गावातली जुनी ध्वनिमुद्रणं होती. मामांचं आणि ओग्न्यानच्या आईचं ते गाव, धरणाच्या पाण्याखाली जाऊन साठ वर्षं झालेलं. महिनाभर ती डिस्क कटकट आवाज करत होती. तिच्यातलं वाचवता आलं तेवढं ओग्न्याननं तिसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं होतं, आणि आज सकाळी तिला कपाटातून उपसून टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलं. बाकीच्या तिघींच्या ओळी त्यानं नीट लिहिल्या. सर्व्हर उठला की फोनवर निरोप यावा अशीही व्यवस्था केली. मग हात झटकले.

"बघा मामा. आता मी नसलो तरी याचं अडणार नाही."

"मग तुला पगार कशाला द्यायचा?"

"हळू बोला, साहेबांना कळेल."

त्यानं रीस्टार्टची आज्ञा दिली, आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की चौथ्या डिस्कची ओळ फाईलमधून पुसायची राहिली. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. अशी चूक शिकाऊ पोरं करतात. आता सर्व्हर अडून बसणार, आणि कळफलक लावून त्याची मिनतवारी करावी लागणार.

सर्व्हर अडला नाही. पंखे घरघरले, पडद्यावरून ओळी सरसर गेल्या आणि फोन वाजला. निरोप होता: सर्व्हर सुरू झाला, चारही व्हॉल्यूम, म्हणजे चारही डिस्क, जोडली गेली.

चारही?

ओग्न्यान हसला. डिस्क उपसताना आपण गफलत केली, भलतीच काढली, असं त्याला वाटलं. त्यानं टेबलावरची डिस्क उचलून तिच्यावरचा क्रमांक पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. तोच होता. त्यानं कपाट उघडलं. चौथा खण रिकामा होता. त्यानं आत हात घालून बोटांनी चाचपलं, धुळीखेरीज काही लागलं नाही. डिस्क त्याच्या डाव्या हातात होती, गार, आणि पडद्यावर ती जोडलेली दिसत होती. तिच्यावरची मोकळी जागा तो बघत असतानाच थोडी कमी झाली. कोणीतरी तिच्यावर लिहीत होतं.

"काय रे? भूत बघितल्यासारखा चेहरा का केलास?"

"मामा, ही डिस्क माझ्या हातात आहे ना?"

"आहे."

"मग ही तिथं कशी?"

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याकडे बघितलं, त्याच्या हाताकडे बघितलं. "मला विचारतोस? मला विचारशील तर टेप चाकावर घातल्याशिवाय वाजत नाही. तुमच्या यंत्रांचं तुम्हाला माहीत." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आत काय आहे ते तरी बघ."

आत एकच ध्वनिफीत होती. तिला नाव नव्हतं. या डिस्कवर शेकडो गाणी होती, कापणीची, लग्नाची, रडण्याची, त्यातलं एकही दिसत नव्हतं. ओग्न्याननं ती एकुलती एक फीत लावली.

आधी नुसती जाळाची तडतड ऐकू आली. मग मातीची भांडी हलल्याचा आवाज, कोणीतरी खोकलं, एक लहान मूल कुजबुजलं आणि त्याला कोणीतरी गप्प केलं. भरलेल्या घरात माणसं जेवायला बसली की जो आवाज होतो तो. ध्वनिमुद्रणाला खरखर नव्हती. तळघरातच चार हातांवर माणसं बसली असावीत इतकं ते स्वच्छ होतं.

मग एक म्हातारी बाई बोलली. "देवाच्या आईला."

कडक पापुद्र्याचा पाव मोडल्याचा आवाज.

"घराला."

पुन्हा तोच आवाज.

ओग्न्यानला हसू आलं, कारण हे त्याला जन्मापासून पाठ होतं. आजच्या संध्याकाळी घरोघरी हेच होणार होतं. घरातलं थोरलं माणूस सणाचा गोल पाव मोडतं, पहिला तुकडा देवाच्या आईचा, दुसरा घराचा, मग थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एकेकाचं नाव घेतं. ज्याचं नाव येईल त्यानं ओ द्यायची आणि हात पुढे करायचा. ओ दिल्याशिवाय तुकडा मिळत नाही. लहानपणी सगळी भावंडं आपलं नाव कधी येतं म्हणून जीव मुठीत धरून बसायची.

"प्येत्को."

"हितंच," एक पुरुष म्हणाला.

"रुसाना."

"हितंच."

मामांनी कप खाली ठेवला. "ही यॉर्दाना आजी आहे," ते म्हणाले.

"कोण?"

"माझी आजी. तुझ्या आईची आजी. आवाज मी विसरीन का? मला उचलून न्हाऊ घालायची ती." ते थांबले. "पण ओगी, आजी गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. गावात वीजच आली नव्हती. ध्वनिमुद्रण कुठलं? असलं यंत्र कोणी पाहिलंही नव्हतं."

नावं येत होती, माणसं ओ देत होती, पाव मोडला जात होता, आणि मामा एकेकाला ओळखत होते. हा प्येत्को, बैल अंगावर उलटून गेला. ही रुसाना, बाळंतपणात. हा माझा बाप. ही डोन्काची आई, ही तर तुझी आजी ओगी, तिला तू बघितलंयस. ते सगळे मेलेले होते. मेले ते वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या गावांत. एका पंक्तीला ते कधीही बसले असणं शक्य नव्हतं. ओग्न्याननं खुर्ची पडद्यापासून मागे सरकवली. मामांच्या गालांवरून मात्र पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते.

"स्तामेन," म्हातारीनं हाक मारली.

कोणी ओ दिली नाही.

जाळ तडतडत राहिला. ती सगळी माणसं गप्प बसून वाट बघत होती, हे ऐकू येत होतं. शांततेलाही माणसांचा आवाज असतो.

"हितंच, आज्जे!" मामा म्हणाले. पोरासारखे, हात पुढे करून. आणि स्वतःच्याच वेडेपणावर खो खो हसले.

पाव मोडल्याचा आवाज झाला आणि दिवे गेले.

वाऱ्यानं कुठंतरी तार तोडली असणार. सर्व्हरच्या जुन्या बॅटरीनं एक किंकाळी मारली आणि तीही गप्प झाली. वरच्या झरोक्यातून दुपारचा मळकट उजेड तेवढा येत होता.

"सवय कशी असते बघ," मामा डोळे पुसत म्हणाले. "सत्तरी उलटली तरी हाक आली की तोंडून ओ जाते. बस तू, मी वर जाऊन फ्यूज बघतो. नाहीतर गिरणीच्या वेळचा तो खटका हातानं वर करावा लागतो."

"मी जातो मामा."

"तुला तो सापडायचा नाही. बस."

ते जिना चढून गेले. ओग्न्यान अंधारात बसून राहिला आणि त्यानं स्वतःला समजावलं. दोन फिती एकमेकींत मिसळल्या असतील. संगणकाच्या आठवणीत जुन्या डिस्कची सावली राहिली असेल. मामांना म्हातारपणी कुठलाही आवाज आजीचाच वाटत असेल. समजावणं चांगलं जमलं होतं, फक्त डिस्क अजून त्याच्या हातात होती.

थोड्या वेळानं दिवे आले. सर्व्हर आपला आपण उठला. फोन वाजला. चारही व्हॉल्यूम जोडली गेली. सकाळी ज्या गोष्टीची त्यानं फुशारकी मारली होती ती आता त्याच्या डोळ्यांसमोर बिनबोभाट घडली, आणि त्याला तिची भीती वाटली.

फीत लावायला नको होती. पण त्याला खात्री करून घ्यायची होती, एवढंच. त्यानं ती लावली.

देवाच्या आईला. घराला. प्येत्को, हितंच. रुसाना, हितंच. नावांमागून नावं गेली.

"स्तामेन."

"हितंच, आज्जे!" आणि ते खो खो हसणं.

ओग्न्याननं यंत्राच्या मागेपुढे पाहिलं. या यंत्राला मायक्रोफोन नव्हता, कधीच नव्हता. आणि तो आवाज तळघरात घुमलेला नव्हता. त्याच्यामागे जाळ तडतडत होता आणि बाकीची माणसं त्याच्याबरोबर हसत होती.

"डोन्का."

शांतता. ती माणसं वाट बघत राहिली. आईचं नाव. ओग्न्याननं मनात आकडे मोजावेत तसे श्वास मोजले. शेवटी तुकडा बाजूला ठेवल्याचा हलका आवाज आला.

"ओग्न्यान."

त्याचं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर येऊन थांबला होता, कारण ही हाक विचार करून ओ द्यायची नसतेच. त्यानं तळहात तोंडावर दाबून धरला, दात बोटात रुतले, आणि तो तसाच बसून राहिला. पलीकडे ती सगळी माणसं त्याची वाट बघत बसली.

फोन वाजला. दचकून तो उचलायला गेला तर बोट स्पीकरच्या बटणाला लागलं आणि एलित्साचा आवाज मोठ्यानं तळघरात पसरला.

"अरे आहेस कुठं? इथं वीज गेली होती, मला वाटलं तू तिथं परत अडकलास. हॅलो? ओगी?"

तोंडावरून हात काढायचा धीर होईना. तुकडा बाजूला ठेवल्याचा आवाज झाला.

"एलित्सा," म्हातारीनं हाक मारली.

"इथंच आहे मी!" एलित्सा फोनवरून म्हणाली, हसत. "अगं बाई, आई तिकडे आल्या का? आणि पाव एवढ्यातच—"

पाव मोडला गेला.

"एली, बोलू नकोस!" ओग्न्यान ओरडला. "फोन ठेव! एली, ठेव फोन!"

"याव्होर," म्हातारी म्हणाली.

ते नाव जगात दोनच माणसांना माहीत होतं.

शांतता. वाट बघणारी माणसं. जाळ.

तो कपाटामागे शिरला. विजेची वायर त्यानं भिंतीतून उपटली, मग सर्व्हरमधूनही उपटली. पंखे थांबले. पडदा काळा झाला. आवाज बंद झाला, हे कळायलाही त्याला वेळ लागला, कारण कान नुसते वाजत होते. फोन मघाच कटला होता. त्यानं तिला परत फोन लावला. लागला नाही. परत लावला. लागला नाही.

"मामा!" वायर कोटाच्या खिशात कोंबून तो जिन्यानं धावत वर गेला.

स्तामेनमामा खटक्याखालच्या बाकावर भिंतीला टेकून बसले होते. खटका वर केलेला होता. चेहऱ्यावर हसू होतं आणि उजवा हात मांडीवर उताणा, काहीतरी घ्यावं तसा उघडा. ओग्न्याननं त्यांना हाक मारली, मग हलवलं, मग त्यांच्या गळ्याशी बोटं लावली आणि रुग्णवाहिकेला फोन केला.

रुग्णवाहिकेतली डॉक्टरीण थकलेली आणि सरळ बाई होती. "हृदय," ती म्हणाली. "झटक्यात गेलेत. त्रास झालेला दिसत नाही. तुम्ही बसा, तुमचा रंग उडालाय. यांचं कोणी आहे का?"

"आम्हीच," ओग्न्यान म्हणाला. त्याला रडायला हवं होतं. मामांनी त्याला बोट धरून या तळघरात आणलं होतं, या कामाला लावलं होतं. पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. "बाई, गरोदर बाईला... एखाद्या आवाजानं काही होऊ शकतं का?"

तिनं त्याच्याकडे दयेनं बघितलं. "घरी जा. बायकोपाशी बसा."

गाडीत बसल्यावर एलित्साचा फोन लागला. "अरे तू केवढ्यानं ओरडलास, माझ्या हातून फोन पडला, बंदच झाला मेला," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा होता. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं गाडी कडेला घेतली आणि मामांबद्दल सांगता सांगता तो हुंदके देऊन रडला. तीही रडली. "ये लवकर," म्हणाली. "आम्ही ठीक आहोत."

फोन ठेवला तोच निरोप आला. सर्व्हर सुरू झाला. चारही व्हॉल्यूम जोडली गेली. ओग्न्याननं खिशात हात घातला. वायर तिथंच होती, दोन्ही टोकांसकट.

त्यानं मग कुठल्याही सिग्नलकडे बघितलं नाही.

घरी दिवे लागले होते. एलित्सा दारात आली, पलंगावरून उठायला मनाई असताना आली, आणि त्यानं तिला घट्ट धरलं. तिचा गाल उबदार होता. त्यानं दोन्ही हात तिच्या पोटावर ठेवले. आतून एक लाथ बसली, चांगली सणसणीत.

"बघ, रागावलाय तुझ्यावर," ती त्याच्या कानात म्हणाली.

ओग्न्यानचा जीव भांड्यात पडला. देवावर त्याचा फारसा भरवसा नव्हता, तरी त्यानं देवाचे आभार मानले. घडलं ते सगळं त्याला आता मान्य होतं, त्याचा अर्थ नाही लागला तरी चालणार होतं. हे दोघं होते ना, बस्स. दुपारच्या फोनबद्दल त्यानं काही विचारलं नाही. विचारलं की ते खरं होईल, असं त्याला वाटलं.

डोन्का येऊन तासभर झाला होता. तिचे डोळे सुजले होते, पण पदार्थ एकूण एक मांडून झाले होते: घेवडा, द्राक्षाच्या पानांतला भात, भोपळा भरून गुंडाळलेली पोळी, सुक्या फळांचं पाणी, अक्रोड, मध. जमिनीवर गवत पसरून त्यावर चादर घातली होती, तिच्या गावच्या रीतीनं.

"आई, आज राहू दे हे," ओग्न्यान म्हणाला. "मामा गेलेत. आज नको."

"आजच हवं," डोन्का म्हणाली. "स्तामेन असता तर त्यानंच मला ओरडून सांगितलं असतं. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही कुणाच्या. बसा खाली. एली, तू उशीला टेकून बस गं पोरी."

बसले. ओग्न्यान एलित्साला चिकटून बसला आणि त्यानं तिच्या पोटावर हात ठेवला. तिनं त्यावर आपला हात ठेवला. डोन्कानं पाव टॉवेलातून काढला. तो नुकताच भट्टीतून निघाला होता, हातात धरवत नव्हता.

"देवाच्या आईला," डोन्का म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "घराला. स्तामेनला." तो तुकडा तिनं खिडकीशी ठेवला. मग स्वतःचा घेतला.

"ओग्न्यान."

त्याला ओ देता आली नाही. आई थांबली, वाट बघत राहिली. शेवटी त्यानं नुसता हात पुढे केला आणि आईनं त्याचं दुःख ओळखून तुकडा दिला.

"एलित्सा."

एलित्सानं हात पुढे केला नाही.

"मला नको आई. मी खाल्लाय."

"काय खाल्लंस?" डोन्का चक्रावली. "अगं, उपास ना आज?"

"पावच. दुपारी दिलात ना तुम्ही." एलित्सा शांतपणे म्हणाली, थोडी ओशाळून, जणू तिलाच पक्कं आठवत नव्हतं. "खूप दिवसांनी इतका चांगला पाव खाल्ला. थोडा ओला होता फक्त. माझा खाल्ला आणि याव्होरचाही. तो लहान आहे, म्हणून त्याचा माझ्याच हातात दिला."

डोन्का पाव हातात धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"याव्होर कोण?" तिनं विचारलं.

ओग्न्यानचा हात एलित्साच्या पोटावर होता. त्यानं तळहात थोडा खाली सरकवला, मग डावीकडे, आणि लाथेची वाट बघत बसला.